ईस म्हंजे ईस

मंगरूळपीरात ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे, त्यांतल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी आपल्याच घराचा मेन स्विच बंद करून, पंख्याकडे तोंड वर करून, मोठ्यानं वीसपर्यंत मोजलेलं आहे. यात दोन डॉक्टर आहेत, एक निवृत्त नायब तहसीलदार आहेत आणि मी आहे. हे कुठलं व्रत नव्हे. सुखदेवभाऊंकडून बॅटरी घेतली की ते करावंच लागायचं. मधेच दिवा मिटला, किंवा माणूस मोजताना हसला, तर ते बॅटरी उचलून परत घेऊन जात.

त्यांचं दुकान माझ्या दुकानाला लागून. माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं, बसस्टँडच्या रस्त्यावर. सुखदेवभाऊंच्या पाटीवर मोठ्या अक्षरात 'बॅटरी' आणि खाली लहान अक्षरात 'व दुसरी बॅटरी' असं लिहिलेलं होतं. पेंटरनं विचारलं म्हणे, भाऊ, दोनदा काहून? तर म्हणाले, "एकदाच लिवली तं लोक एकच नेतात." ते जाऊन आता दीड वर्ष होईल. पाटी अजून आहे.

माणूस मूळचा इंझोरीचा. घरची वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, अशी बागायत. ती धाकट्या भावानं, नामदेवनं सांभाळली आणि सुखदेवभाऊ आयटीआय करून विमान चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेत लागले. आपल्या जिल्ह्यात विमानतळ नाही, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यात. विमानं म्हणजे ती मोठी नव्हेत. पुढे एकच पंखा आणि आत चार माणसं कशीबशी मावतील अशी. तिथं त्यांनी तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. घड्याळं हा त्यांचा शब्द. उंची, वेग, दिशा दाखवणारी जी यंत्रं पायलटच्या समोरच्या फळीवर असतात, ती सगळी त्यांच्या लेखी घड्याळं. शेवटच्या काही वर्षांत घड्याळं गेली आणि त्यांच्या जागी टीव्हीसारखे दोन पडदे आले. सुखदेवभाऊंनी तेही शिकून घेतलं, पण पडद्यांबद्दल त्यांना कधी प्रेमानं बोलताना मी ऐकलं नाही.

"पयले सहा घड्याळं होते गजूभाऊ. एक मेलं तं पाच राह्यत. आता सारे एकाच पडद्यात कोंबले. पडदा गेला का सारेच गेले."

"मग हो?"

"मंग दुसरं काय हाय ते पाहाचं."

'दुसरं काय हाय' हा त्यांचा कुठल्याही गोष्टीवरचा प्रश्न. कोणी पेढे घेऊन आलं, की पोरगा इंजिनिअरिंगला लागला, तर पेढा तोंडात टाकून विचारायचे, "आन् नाई जमलं तं दुसरं काय हाय?" समोरच्याचं तोंड उतरायचं. मी म्हणायचो, भाऊ, पेढा खाल्लात, आता दोन शब्द चांगले बोला ना. ते म्हणत, "चांगलंच तं विचारून राह्यलो."

त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळ असे. डावीकडे सेलवरचं, उजवीकडे चावीचं. दोन्ही सेलवरची का नाहीत, असं मी एकदा विचारलं, आणि पुढचा पाऊण तास माझी गिऱ्हाइकं उभी राहिली. मुद्दा असा होता की दोन्ही घड्याळं एकाच गोष्टीवर चालत असली, तर ती दोन नसतात. खिशात एक बॉलपेन, एक पेन्सिल. फोन दोन, एक बटनांचा आणि एक काचेचा. आडनावाच्या शिक्क्यापासून चष्म्यापर्यंत सगळं जोडीनं. देवावरसुद्धा त्यांची याच बाबतीत तक्रार होती. डोळे दोन दिले, कान दोन दिले, मूत्रपिंडं दोन दिली, आणि काळीज एक. "डिझाइनमंदी चूक हाय," म्हणायचे, आणि समोरच्या मंदिराकडे पाहून हातही जोडायचे.

आता ते वीस आकडे. लहान विमानात एक मुख्य बॅटरी असते आणि इंजिनावर चालणारं, वीज तयार करणारं यंत्र असतं. या दोन्ही गोष्टी वर आकाशात गेल्या, तर पडदे काळे होतात. इंजिन मात्र चालूच राहतं, त्याला बॅटरी लागत नाही. "इंजिनले काई फरक पडत नाई, माणसाले पडते," असं ते सांगत. ढगात शिरल्यावर माणसाला वर कुठं आणि खाली कुठं हे कळत नाही. त्याला वाटतं आपण सरळ चाललोय आणि तो वाकडा होऊन खाली चाललेला असतो. "बुड खोटं बोलते गजूभाऊ. घड्याळ पाह्यल्याशिवाय बुडावर भरोसा ठेवाचा नाई." म्हणून अशा वेळेसाठी फळीच्या मागं एक लहानशी वेगळी बॅटरी ठेवलेली असते. ती एक पडदा साधारण अर्धा तास जिवंत ठेवते, म्हणजे खाली उतरता येतं. उडण्याआधी तिचं बटन तपासणीच्या बाजूला दाबून धरायचं. हिरवा दिवा लागतो. तो वीस सेकंद लागलेला राहिला पाहिजे. पुस्तकात तसं छापलेलं आहे. एकोणीसला मिटला तर विमान उडत नाही.

एवढंच. या एवढ्याशा गोष्टीवर त्या माणसानं अख्खं आयुष्य काढलं आणि मग ती गोष्ट मंगरूळपीरात आणून आमच्यावर लादली. माझ्या दुकानात त्यांनी पहिल्यांदा मेन बंद केला तेव्हा मी बारावीची हॉल तिकिटं छापत होतो. दुकानात पन्नास पोरं. मी ओरडलो, "अहो भाऊ, थांबा ना!" ते खांबासारखे उभे आणि तोंडानं चालू, "तीन... चार... पाच..." त्यांचं मोजणं सावकाश असे, दोन्ही घड्याळांकडे पाहत. तेराला माझी बॅटरी बसली. बॅटरी नवी होती, आदल्याच दिवशी त्यांनीच लावलेली. ते तिला काखोटीला मारून निघून गेले, आणि दोन दिवस मी लाईन गेली की शटरच्या बाहेर येऊन बसायचो. तिसऱ्या दिवशी दोन बॅटऱ्या आल्या. एकीला लाल चिंधी बांधलेली.

"लालले हात नाई लावाचा. ते फक्त पयली मेल्यावर."

इथं आमच्या भागातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे वापरात नसलेली वस्तू कोणाला पाहवत नाही. जादाची मोटर असेल तर साळा घेऊन जातो. जादाचं गादी-पांघरूण असेल तर लग्नघरी जातं. ज्याचं आहे त्यालाही ते बरंच वाटतं, कारण वस्तू पडून राहणं हा तिचा अपमान आहे असं आम्ही समजतो. 'पडूनच हाय ना' एवढं म्हटलं की कुठलीही गोष्ट कोणालाही नेता येते. सुखदेवभाऊंची आयुष्यभराची लढाई या तीन शब्दांशी होती. त्यांच्या घरातली लाल चिंधीची बॅटरी मागायला दरवर्षी लग्नसराईत माणसं यायची, मांडवाच्या भोंग्यासाठी. शांतावहिनी, त्यांच्या मंडळी, आतून म्हणायच्या, द्या ना हो, पडूनच हाय. सुखदेवभाऊ म्हणायचे, "ते पडून नाई. ते कामावर हाय." वहिनी कपाळाला हात लावायच्या.

मे महिन्यात मीच चुकलो. पंचेचाळीस डिग्री, लाईन गेलेली, घरात पाहुणे. पहिल्या बॅटरीवर पंखे होते, म्हटलं लालवर कूलर लावू, तासाभराचा तर प्रश्न. नेमके सुखदेवभाऊ पत्रिका द्यायला आले. कूलरची वायर त्यांनी डोळ्यांनी शेवटपर्यंत पाहिली. मला वाटलं आता चार शब्द ऐकवतील. त्यांनी पाणी घेतलं, पत्रिका दिली, पाहुण्यांची चौकशी केली आणि जाताना हातगाडीवाल्याला हाक मारून लाल बॅटरी घेऊन गेले. मी मागं धावलो, भाऊ, चूक झाली.

"चूक नाई झाली," ते म्हणाले. "तुमच्याकडं एकच बॅटरी होती. दोन हाय असं तुमाले वाटे, येवढंच."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

मला कायम वाटायचं, या वीस आकड्यांमागं काहीतरी असलं पाहिजे. एखादं विमान, एखादा तरुण पायलट, यांनी घाईत केलेली एखादी सही. माणूस उगाच असा होत नाही. एक दिवस दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, चहा सांगितला आणि विचारलंच.

"भाऊ, तिथं काही झालं होतं का?"

"कुठी?"

"विमानाच्या शाळेत. अपघात वगैरे."

त्यांनी विचार केला. "एकदा एक मोठा माणूस आला होता. त्याले सभेले जाचं होतं. अठराले दिवा मिटला. म्या सही नाई केली. साहेब म्हणे कर, पायलट म्हणे कर. नाई केली."

"मग?"

"तो माणूस मोटरीनं गेला. सभा झाली."

"आणि विमान?"

"बॅटरी बदलून दुसऱ्या दिवशी उडालं."

"पण समजा त्या दिवशी गेलं असतं, तर पडलं असतं का?"

"नाई. बहुतेक नाई."

"मग कशाला अडवलं एवढ्या मोठ्या माणसाला?"

"गजूभाऊ, सहीच्या जागी 'बहुतेक' लिवता येत नाई ना. तठी नावच लिवा लागते." चहा संपवून त्यांनी कप उपडा ठेवला. "तीस वर्सांत काई झालं नाई. आता काई झालं नाई, याची गोष्ट कशी सांगाची?"

मी नाद सोडला.

या माणसाचं सगळं एकदाच पणाला लागलं, ते कोमलपायी. कोमल म्हणजे नामदेवची पोरगी, त्यांची पुतणी. लहानपणापासून सुट्टीत मोठ्या बाबांच्या दुकानात बसायची. दुकानात काचेच्या पेटीत विमानातलं एक मोडीत निघालेलं घड्याळ होतं. वर निळं, खाली तपकिरी, मधे पांढरी रेघ. निळं म्हणजे आकाश, तपकिरी म्हणजे जमीन. लोक विचारायचे हे कोणत्या कंपनीचं मीटर, आणि कोमल सांगायची, यानं वर-खाली समजते. बारावी झाल्यावर तिनं जाहीर केलं की तिला पायलट व्हायचं आहे. नंतर एका योजनेतून तिची सोयही झाली. शाळा तीच, मोठ्या बाबांची. अडलं ते इंझोरीच्या घरात.

त्या बैठकीला मी होतो, कारण सुखदेवभाऊंना माझ्या गाडीवर घेऊन गेलो होतो. ओट्यावर नामदेव, चार नातेवाईक, दाराआड कोमलची आई सुमनबाई. कोमल खांबाला टेकून नखं खात होती.

नामदेव म्हणाला, "दादा, तू तीस वर्सं तठीच होता. तू म्हणशीन तसं. एकच सांग. पोरगी वर गेली आन् विमान बंद पडलं तं?"

सगळ्यांनी सुखदेवभाऊंकडे पाहिलं. 'काही होत नाही रे' एवढे चार शब्द हवे होते. मीही मनात म्हटलं, बोला ना भाऊ, एकदा तरी खोटं बोला, पोरीचं आयुष्य आहे.

"पडते," सुखदेवभाऊ म्हणाले.

सुमनबाईंनी आतून "ओ माय!" केलं. कोमलनं डोळे मिटले.

"सारंच बंद पडते नामदेव. तुह्या विहिरीवरची मोटर नाई पडत? बंद पडल्यावर दुसरं काय हाय, येवढंच पाहाचं राह्यते. विमानात दुसरं हाय. ते जितं हाय का नाई, ते पाहाले ईस आकडे लागते. हे पोट्टी दरखेपेस ईस मोजन, तं तिची जबाबदारी माही."

"आन् एकोणीस मोजले तं?"

"तं माही नाई. ईस म्हंजे ईस."

नामदेव बांधाच्या भांडणात पोळलेला माणूस. म्हणाला, लिहून दे. कागद कुठला, तर भिंतीवर बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. सुखदेवभाऊ स्टुलावर चढले आणि कॅलेंडरच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर बॉलपेननं लिहिलं, 'कोमल दर वेळी वीस मोजेल तोवर तिची जबाबदारी माझी.' खाली सही. ते वर्ष संपलं, पुढचंही संपलं, पण ते कॅलेंडर कोणी खिळ्यावरून काढलं नाही.

कोमल गेली. ज्या दिवशी उडायची, त्या दिवशी सुखदेवभाऊंच्या काचेच्या फोनवर तिचा मेसेज यायचा. एकच आकडा, २०. ते चष्मा लावून वाचायचे, फोन ठेवायचे आणि कामाला लागायचे. उत्तर कधी दिलं नाही. पण मेसेज येईपर्यंत त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे. एकदा अकरा वाजेपर्यंत आला नाही, तर त्यांनी एका गिऱ्हाइकाला ॲसिडऐवजी चहा दिला. त्या दिवशी पावसामुळे उड्डाणंच नव्हती.

मग एक दिवस असा आला की त्यांनी मेसेज वाचला आणि तिला फोन लावला. का लावला ते त्यांनाच माहीत. मी शेजारी स्टेपलर दुरुस्त करत होतो.

"आज किती?"

"ईस, मोठेबाबा."

"दिवा पाह्यला का नुसतं लिवलं?"

मग तिचा आवाज मलाही ऐकू आला. "पाच मोजले. सर म्हणे उशीर झाला, दिवा लागला ना, झालं."

"मंग पाच लिवाचं होतं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानाची किल्ली माझ्याकडे देऊन पहिल्या बसनं ते इंझोरीला गेले. नामदेवच्या घरात स्टूल ओढलं, वर चढले आणि आपल्या सहीवर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. नामदेवनं विचारलं, दादा, पेन्सिलीनं काहून? त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. चहा न घेता परत आले.

मग घरात रणकंदन. सही नाही तर विमान नाही, असं म्हणून नामदेवनं पोरीला बॅग भरून परत यायला सांगितलं. ती आली नाही. बाप चार महिने तिच्याशी बोलला नाही. सुमनबाई माझ्या दुकानात येऊन रडल्या, "भाऊजीले सांगा ना, रेघ खोडा म्हणा, लेकरू तठी एकटं हाय." मी सांगितलं. सुखदेवभाऊ म्हणाले, "म्या तिले वापस बोलाव असं म्हटलं नाई. उडू दे ना. माही सही नाई, येवढंच." मी चिडलो. म्हटलं, भाऊ, पोरगी खरं बोलली ते तर पाहा, लपवलं नाही तिनं. ते म्हणाले, "विचारल्यावर बोलली."

मेसेज मात्र येत राहिले. दोन वर्षं. २०, २०, २०. ते वाचायचे आणि फोन उपडा ठेवायचे.

"मोजत असेल हो आता," मी म्हणायचो.

"बहुतेक," ते म्हणायचे. तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला की मी विषय बदलायचो, कारण त्याची त्यांच्या लेखी किंमत काय ते मला माहीत होतं.

कोमल पास झाली, तिला लायसन्स मिळालं. पुढं त्याच शाळेत नव्या पोरांना शिकवायला लागली. नामदेव एव्हाना निवळला होता, मंडईत वांग्यांचे कॅरेट उतरवतानासुद्धा पोरीचं नाव काढायचा. एक दिवस तिचा मला फोन आला. "काका, मोठ्या बाबांना घेऊन या. परवानगी काढली मी. त्यांना शेजारी बसवून एक चक्कर मारते. त्यांच्यासमोर मोजते."

ज्या माणसानं तीस वर्षं विमानं उडण्याजोगी करून दिली, तो स्वतः एकदाही विमानात बसून वर गेला नव्हता. मला वाटलं नाही म्हणतील. ते म्हणाले, "किती वाजता?"

जाण्याच्या आदल्या दिवशी ते माझ्या दुकानात आले आणि खोडरबर मागितला. मी सवयीनं दोन काढून ठेवले. त्यांनी एक माझ्याकडे सरकवला.

"एकच द्या."

"एकच? भाऊ, तब्येत ठीक आहे ना?"

"एकच पुरते," म्हणाले आणि तो सदऱ्याच्या खिशात टाकून गेले. इतक्या वर्षांत त्या माणसाला कुठलीही वस्तू एकच नेताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी रात्री घरी बायकोला तसं सांगितलंही.

आम्ही दोघंच जाणार होतो. पण नामदेवच्या पोटात काही राहत नाही. सकाळी इंझोरीहून दोन काळीपिवळ्या भरून आल्या. पुरीभाजीचे डबे, हार, नारळ, दोन तान्ही लेकरं. विमानतळावर गेटवरच्या माणसानं सांगितलं, नारळ आत फोडायचा नाही, तुकडे चाकाखाली येतात. म्हणून नामदेवनं तो गेटवरच फोडला. कोमल पांढऱ्या गणवेशात, खांद्यावर पट्ट्या. तिनं बापाला विमानात बसवून सगळं दाखवलं, हा मेन स्विच, हे पडदे, आणि हे दुसऱ्या बॅटरीचं बटन, यानं मेन बंद असला तरी पडदा लागतो. मग ती कागद भरायला ऑफिसात गेली. सुखदेवभाऊही आपलं जुनं वर्कशॉप पाहायला गेले. इकडे एकेकाला सीटवर बसवून फोटो काढणं सुरू झालं. मी डबे सांभाळत सावलीत बसलो होतो, त्यामुळे तिथं नक्की काय झालं ते मी पाहिलं नाही.

अर्ध्यापाऊण तासानं कोमल आली, सगळ्यांना लांब उभं केलं. मोठ्या बाबांना उजव्या सीटवर बसवून पट्टा लावला. त्यांच्या बाजूची खिडकी उघडी होती. मी आणि कोमलचे साहेब चार पावलांवर उभे होतो. मागं दोरीपलीकडे अख्खी इंझोरी मोबाइल वर धरून.

कोमलनं बटन दाबून धरलं आणि मोजायला लागली. दहाच्या पुढं सुखदेवभाऊंचाही आवाज मिसळला.

"पंधरा... सोळा... सतरा..."

दोघंही थांबले. हिरवा दिवा मिटला होता.

सुखदेवभाऊंचे हात गुडघ्यांवर, नजर समोर. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्यांचा चेहरा एका बाजूनं दिसत होता आणि देवाशपथ सांगतो, तो माणूस घाबरलेला होता.

साहेब पुढं झाले. चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "कोमल, आकाश स्वच्छ आहे, ढगाचा पत्ता नाही. दहा मिनिटांची तर चक्कर. घरचे एवढ्या लांबून आलेत. आजच्या दिवस बहुतेक काही होणार नाही."

"बहुतेक ना सर?" कोमल म्हणाली. तिचा चेहरा लालभडक झाला होता. तिनं बटन सोडलं. "मोठेबाबा, उतरा. आज नाई जमत."

दोरीपलीकडून नामदेव ओरडला, "अवं काय झालं? सारं गाव आलं हाय ना वं! आत्याबाई कारंज्याहून आल्या!" मग त्याला झालं काय ते कळलं, आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "ते दुसरं बटन म्याच लावलं होतं. फोटोत पडदा काया, बंद दिसे. मेनले हात नाई लावला बाप्पा, म्हटलं कायले खर्च कराचा, ते दुसरं तं पडूनच हाय."

कोमल बापाकडे बघतच राहिली. सुखदेवभाऊ मला धरून हळूहळू खाली उतरले. मला वाटलं, आता तीस वर्षांचं सगळं नामदेवच्या अंगावर निघतं.

"किती फोटो काढले?" त्यांनी विचारलं.

"सतरा-अठरा जणाचे," नामदेव म्हणाला.

"चांगले आले का?"

नामदेवनं मान हलवली. कोमलनं विमानाच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, दुसरी बॅटरी, सतराला दिवा गेला, उड्डाण नाही, आणि खाली सही केली. सुखदेवभाऊंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग आम्ही तिथंच सावलीत पुरीभाजी खाल्ली. त्यांनी चार पुऱ्या जास्त खाल्ल्या.

ती चक्कर पुढं कधी झालीच नाही. दिवाळीनंतरचा दिवस ठरला होता, त्याच्या आधीच सुखदेवभाऊ गेले. दुकानात, स्टुलावर, सकाळी साडेदहाला. डॉक्टर म्हणाले हार्ट. डिझाइनमधली चूक. काचेचा फोन मांडीवर होता, त्यावर कोमलचा त्या दिवशीचा मेसेज आलेला होता, आणि तो वाचलेला होता. मी हे लिहितोय तरी मला ते नीट सांगता येत नाही. शेजारचं शटर बंद दिसलं की अजून माझा सकाळचा चहा गोड लागत नाही.

पण ते मला आठवतात ते विमानतळावर गेलो त्या दिवशी संध्याकाळचे. परतताना त्यांनी काळीपिवळीवाल्याला मंगरूळपीर सोडून सरळ इंझोरीला न्यायला सांगितलं. कोमलही सुट्टी काढून सोबत आली होती, तशीच गणवेशात. नामदेवच्या घरात शिरल्या शिरल्या त्यांनी स्टूल मागितलं. कोमलनं ते धरलं, ते वर चढले, खिशातून खोडरबर काढला आणि दोन वर्षांपूर्वीची पेन्सिलीची रेघ खोडायला लागले. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. खालची बॉलपेनची सही जशीच्या तशी होती. खोडरबराचा चुरा कोमलच्या केसांवर पडत होता. ती मान खाली घालून रडत होती आणि स्टूल सोडत नव्हती. "हलवू नोको वं," ते वरून म्हणाले. "पडीन ना मी."

खाली उतरून त्यांनी चहा मागितला. मग खोडरबर माझ्या हातात दिला.

"अर्धा उरला हाय गजूभाऊ. कोणाले तरी इकून टाका."

मी तो विकलेला नाही. दुकानाच्या गल्ल्यात ठेवला आहे, त्याला लाल चिंधीचा तुकडा बांधून. पोरं येतात, घाईत असतात, म्हणतात काका, नवा नको, तो अर्धा द्या ना, पडूनच हाय. मी देत नाही.